ऑपेरातले बाबा

म्युनिक, ३ फेब्रुवारी १८१२

ति. वाल्बुर्गाताईस,
कोर्बिनियानचा शि. सा. नमस्कार.

माझा एकअंकी विनोदी ऑपेरा पुढच्या मंगळवारी इथल्या छोट्या थिएटरात होतोय. विसाव्या वर्षी हे भाग्य! पण एक घोळ करून ठेवलाय. त्यातला म्हातारा ऑर्गनवादक चर्चच्या प्रार्थनेत पेंगतो, दचकून भलताच सूर धरतो आणि वर गाणाऱ्या पोरांवरच खेकसतो. अगं, ते आपले बाबाच आहेत! इटालियनमध्ये असतं तर खपून गेलं असतं, पण हे जर्मन. शब्दन् शब्द कळणार. काहीही करून त्यांना तिकडेच अडकव.

तुझा घाबरलेला,
कोर्बिनियान

लँड्सहुट, ६ फेब्रुवारी

चि. कोर्बिनियान यास अनेक आशीर्वाद.

शहाण्या, बापाची टिंगल तू करायची आणि निस्तरायची मी! बर्फाची, त्यांच्या गुडघ्यांची, सगळी भीती घालून पाहिली. मुलाचा पहिला ऑपेरा बघायला गुडघ्यांची परवानगी लागत नाही, म्हणाले. सोमवारच्या टपालगाडीत जागाही धरलीय. आता पळून जाऊ नकोस. चांगल्या जागी बसव त्यांना.

तुझी ताई

म्युनिक, १२ फेब्रुवारी

ति. ताईस सा. नमस्कार.

सुटलो गं! पेंगण्याचं गाणं आलं, वाद्यवृंदातल्या खर्जाच्या बासूनने घोरण्याचा आवाज काढला, थिएटर खदखदलं. मी पडद्याआडून पाहतो तर बाबा लालबुंद, खांदे गदागदा हलतायत. वाटलं, संपलं सगळं. पण ते चक्क डोळे पुसत हसत होते! नंतर सगळ्यांसमोर म्हणाले की हा माणूस आपण तेव्हाच ओळखला, शेजारच्या गावचा ऑर्गनवादक फिस्टररच तो! मग ती भूमिका करणाऱ्या गायकाच्या गळ्यात हात टाकून बिअर प्यायला गेले. काल कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवलो.

लोभ असू दे, माझ्यासारख्या मूर्खावरही.
कोर्बिनियान

लँड्सहुट, १५ फेब्रुवारी

चि. कोर्बिनियान यास आशीर्वाद.

बाबा सुखरूप पोचले. कोट काढायच्या आधीच आईला सांगून टाकलं की पोराने मला हुबेहूब उतरवलंय. फक्त मी इतका बेसूर नाही, म्हणाले. पडद्याआडून तुझं पांढरंफटक तोंड दिसलं, म्हणून बिचाऱ्या फिस्टररचं नाव घ्यावं लागलं म्हणे. तुला कळता कामा नये, अशी मला सक्त ताकीद आहे. तेव्हा तुला काही माहीत नाही.

बाबा सध्या भेटेल त्याला गोष्ट सांगत सुटलेत. रुसलीय ती आई. त्या ऑर्गनवादकाला बायको आहे, मग तिला एकही गाणं का नाही, असं तिने विचारलंय. पुढचा ऑपेरा लवकर लिही, आणि जपून लिही.

तुझीच,
वाल्बुर्गाताई