ओरखड्यासकट आरसा

रविवार, ७ एप्रिल
सकाळचे साडेसात

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही. इकडे सगळं ठीक आहे. अण्णांचे गुडघे आहेत तसेच, आत्याचा खोकला गेला. तुम्ही दोघं मजेत असाल. झालं, रीतीचं लिहून झालं. आता ऐक.

दादा, फट दिसली! शनीच्या कड्यांमधली काळी फट! टोकाला जराशी, अंदाजाने मानून घ्यावी अशी नव्हे. टोकदार पेन्सिलने ओढल्यासारखी, अख्खी, पार पुढून फिरून मागे जाणारी. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी, दुर्बिणीतून, अडीचशे पटीवर. (आधी सव्वापाच लिहिलं होतं, मग वहीत पाहिलं. वर रेघ मारलेली दिसेल. चुकलं तर खोडायचं नाही, रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, हे तूच शिकवलंस. मला शाळेत घालण्याआधी दोन वर्षं तूच माझा मास्तर होतास, आणि तुझ्याकडे खोडरबर नव्हतं.)



पहिल्यांदा बघितलं तेव्हा शनी नुसता उकळत होता, पातेल्यातल्या पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा. माझा धीरच सुटला. वाटलं, दीड वर्ष वाया. मग आठवलं की आरसा घरातून बाहेर आणून जेमतेम अर्धा तास झालाय, तो अजून गरम आहे. मागचा छोटा पंखा लावायलाच मी विसरले होते! पंखा लावला. अंगणात चाळीस फेऱ्या मारल्या, मोजून. परत डोळा लावला, आणि चित्र असं थांबलं की मी ओरडलेच. शेजारचे शिंपीकाका खिडकीत आले.

"काय झालं? साप?"

"नाही काका, शनी!"

"बाप रे, मग साप परवडला," म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

ते पहिल्यापासून आमच्या दुर्बिणीला तोफ म्हणतात. दिसतेच तशी. प्लायवूडची चौकोनी नळी, माझ्या डोक्यावरून हातभर वर. आठ इंची आरसा, चौसष्ट इंचांवर प्रतिमा. वरचा तिरका आरसा मी इतका छोटा घेतलाय की आत्या म्हणाली, "यात माझी टिकलीसुद्धा दिसायची नाही." पण तुझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे ना, ग्रह बघायचे तर नळी लांब, तिरका आरसा छोटा, मुख्य आरसा थंड. मी तेवढंच केलं.

खरं काम आरशाचं. गुलाबी पूड आणि डांबराच्या गादीवर पॉलिश करायला सात महिने लागले. चष्म्याचं दुकान बंद झालं की मागच्या खोलीत आरसा ठेवलेल्या पिंपाभोवती फिरायचं, चार हात घासायचे, एक पाऊल सरकायचं. मग तपासणी. बोळाच्या एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला दिवा आणि दाढीचं पातं. पातं किरणात सरकवलं की आरशावर सावल्या उमटतात आणि केसाच्या शंभराव्या भागाएवढा उंचवटासुद्धा टेकडीसारखा दिसतो. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहायला मजा येतेय. एका खेपेला मी एकच माप एकोणचाळीस वेळा घेतलं. अण्णा म्हणाले, "आरसा पळून जात नाही. तू जेव."

आणि एके दिवशी सावल्या जिथे हव्यात तिथेच पडल्या. मी पातं तसंच सोडून भिंतीला टेकून बसले. आनंदाने नाही, भीतीने. आता काचेवर अॅल्युमिनियमचा मुलामा द्यायला पाठवायचा आणि वाटेत फुटला तर?

फुटला नाही. मुलामा देणाऱ्या गृहस्थांचा फोन मात्र आला. "ताई, आरसा झकास उतरलाय. पण कडेजवळ बोटभर लांब ओरखडा आहे. आमच्याकडून नाही हं, आधीचाच आहे. मुलामा देऊ का परत पाठवू?"

"द्या."

"नंतर तक्रार चालणार नाही."

मी म्हटलं, या बाबतीत तक्रार करायला मला तोंड नाही. त्यांना काही कळलं नाही.

तुला कळलं असेल. हो दादा, हा तुझाच आरसा आहे. दीड वर्षापूर्वी कपाटातून काढला. तुझ्या जुन्या बनियनमध्येच गुंडाळलेला होता, अण्णांनी टाकला नव्हता. मागच्या बाजूला तुझी पेन्सिलची खूण आहे. खोली, वळण, बारीक घिसाई सगळी तुझी. मी फक्त शेवटचा हात फिरवला.

आत्या हाक मारतेय. येते.

त्याच दिवशी, दुपारी

आत्याने हाक मारली नव्हती. मला थांबायचं होतं.

वर सगळं खरं लिहिलंय, पण एक गोष्ट गाळलीय. पहाटे अण्णाही अंगणात होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, आयपीस त्यांच्या डोळ्याशी आणला. ते इतका वेळ बघत राहिले की शनी दोनदा बाहेर सरकला आणि दोनदा मी नळी ढकलून परत आणला.

मग विचारलं, "ओरखडा कुठाय?"

"तो आरशात आहे अण्णा. शनीत नाही. एवढ्याशा ओरखड्याने चित्राला काही होत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग मी त्या पोराला कशापायी..." एवढं म्हणून ते उठले आणि चहा टाकायला आत गेले. मी बाहेर तशीच उभी. फट दिसत होती, आणि मला ती बघवेना. म्हणून आत येऊन तुला पत्र लिहायला बसले, आणि आनंदाआनंदाने तीन पानं भरली, आणि तरी मुख्य ते लिहिलंच नाही.

दादा, ओरखडा मी पाडला.

मी अकरा वर्षांची होते. अण्णांचा नियम तुला आठवतच असेल: काच घासायच्या प्रत्येक नंबरच्या पुडीला वेगळी बादली, वेगळं फडकं. जाड पुडीच्या फडक्याला लाल दोरा, सगळ्यात बारीक पुडीच्या फडक्याला पांढरा. "मोठ्याचा एक कण धाकट्याच्या घरात गेला तर घर बसलं," असं ते म्हणायचे. त्या दुपारी तुम्ही दोघं जेवायला बसला होतात. मी खोली आवरत होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच आपली. पांढऱ्या दोऱ्याच्या फडक्यावर माझ्या हातून चहा सांडला. घाबरून मी लाल दोऱ्याचं फडकं घेतलं, साबणाने तीनदा धुतलं, पिळलं, झटकलं, आणि त्याने तुझी, आरसा जिच्यावर घासायचास ती काचेची तबकडी लख्ख पुसून ठेवली. तीनदा धुतलं की स्वच्छ होतं, एवढंच मला माहीत होतं. विणीत कण बसून राहतात हे माहीत नव्हतं.

तू जेवून आलास, आरसा ठेवलास, आणि तो आवाज आला. कर्र. तो मी अजून ऐकते.

अण्णांनी तुला विचारलं, "हात धुतले होतेस?" तू म्हणालास, "धुतले होते." परत विचारलं, परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं. तू तिसऱ्यांदा तेच सांगितलंस, पण त्या वेळी तुझा आवाज वेगळा होता. मग ते म्हणाले, "निष्काळजी परवडला, खोटारडा नको." मी दाराआड होते. हातात फडकं होतं. पंधरवड्यात तू परगावची नोकरी धरलीस आणि पुन्हा काचेला हात लावला नाहीस. चौदा वर्षं झाली.

ओरखडा घासून घालवता आला असता. पुन्हा जाड पुडीपासून सुरुवात केली असती तर महिन्याभरात गेला असता, आणि मी एकदा ते डबे उघडलेही. पण त्याबरोबर तुझं वळण गेलं असतं, आणि माझी चूकही खोडली गेली असती. मी डबे बंद केले.

आज जेवणानंतर अण्णांना सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. इतरांचे चष्मे पुसण्यात आयुष्य गेलं त्यांचं, पण आज काच काही केल्या साफ होईना.

"मी त्याला किती वेळा विचारलं गं?"

"तीनदा."

"आणि तुला?"

"मला विचारलंच नाही."

"हं." चष्मा तसाच डोळ्यांवर चढवून म्हणाले, "तू अकरा वर्षांची होतीस. मी पन्नाशीचा होतो. लिही त्याला, आजच. आणि सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस, तुला ती खोड आहे. लिही, की बापाने ऐकलं नाही."

"तुम्हीच लिहा ना."

"पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तो फोडायचा नाही. तू लिही. शेवटी ओळभर जागा सोड."

दादा, आरशाच्या मागे करणाऱ्याचं नाव कोरतात. ती जागा मी कोरी ठेवलीय, आणि हिऱ्याची लेखणी दुर्बिणीजवळ खिळ्याला टांगलीय. तू ये. नाही म्हणालास तरी मला समजेल, आणि राग धरलास तर तो माझ्यावर धर. पण एकदा पहाटे ये. चित्र थांबतं ना, त्या क्षणी शेजारी तू हवा आहेस. मला फट दिसली हे मी कुणाला सांगू? इथे सगळ्यांना मी फक्त दाखवू शकते.

पंखा मी आधीच लावून ठेवीन.

तुझ्याकडे बाराखडी शिकलेली आणि चौदा वर्षं एक वाक्य लिहायचं टाळलेली,
तुझी धाकटी

हात तू धुतले होतेस.
अण्णा