सेल विभाग

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. आई ठीक आहे, गुडघा कुरकुरतो तेवढाच. मामाकडे तुझं जेवणखाण वेळेवर होतंय ना? आठ दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे कट करता येत नाही.

बॅटरीच्या कारखान्याची भरती चालूच आहे. घरटी एकच माणूस घेणार, तरी रांग पार पुलापर्यंत!

मुलाखतीत तुला हसले, ते मला अजून झोंबतंय. वीस वर्षं चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने न सोडणारा माणूस तू. मन लावून सांगत होतास, बॅटऱ्या कशा खपवाल ते. आणि साहेब म्हणतात, "अहो, सेल म्हणजे विक्री नव्हे. बॅटरीच्या आतला सेल. इथे तो बनवतात." चेहरा एवढासा झाला तुझा. तू म्हणाला होतास, "माझा फॉर्म सेलमध्ये टाक," मी टाकला. माझी चूक एवढीच.

एवढीच नाही रे. फॉर्म देताना खिडकीवरच्या बाईंनी मला सांगितलं होतं, सेल म्हणजे काय ते. 'विक्री'चा चौकोन खालीच होता. तिथे खूण करायला कितीसा वेळ? का नाही केली, देव जाणे. वाटलं, मागे रांग खोळंबलीय. वाटलं, दादा काय, कुठेही निभावेल. की दुसरंच काही होतं मनात? कारण पाठोपाठ मी माझाही फॉर्म दिला. सेलचाच. विचार करकरून डोकं भंजाळलंय.

तुझी मुलाखत चालू होती, तेव्हा शेजारच्या टेबलावर मला सेलमध्ये घालायचे, कागदासारख्या पातळ पत्र्याचे तुकडे रचायला दिले होते. एकावर एक, सुरकुती न पाडता. शिवणकामाचा हात माझा, जमलं. दादा, मला घेतलंय.

आईला सांगितलं तर आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "आता त्याला कोण सांगणार?"

सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचंय. मी गेले की आपल्या घराची जागा भरली, मग विक्रीतही तुला घेणार नाहीत. नाव मागे घ्यायला शनिवारपर्यंत मुदत आहे. 'तू म्हणशील तसं करते,' असं लिहायलाच बसले होते. तीनदा सुरुवात केली, हात पुढे सरकेना.

मला जायचंय, दादा. मी जाणार आहे.

रागव. पण घरी येऊन, माझ्यासमोर बसून रागव.

तुझी,
धाकटी