रुईचा थर

२ मार्च २००६, लोहारा
आज आले. खोली झकास! एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्याचं हे ऑफिस, अमरसिंगभाऊंनी भाड्यानं घेतलंय. यवतमाळात त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. त्याच व्हिडिओ कॅमेऱ्यावर त्यांनी बोरी अरबच्या शेतांत आख्खा सिनेमा काढला. मी नागपूरहून आले ती तो एडिट करायला, आणि मुख्य म्हणजे तो फिल्मवर काढल्यासारखा दिसेल असं करायला. चहा देणारी सुग्राबी पूर्वी इथंच कामाला होती. यंदा कापसाला भावच नाही, म्हणून जिनिंग उघडलं नाही म्हणाली. मला "बेटी" म्हणते. काम आवडीचं, माणसं चांगली. अजून काय हवं?

९ मार्च
वैताग. व्हिडिओत सगळं नको इतकं लख्ख. हिरोईनच्या गालावरची पावडरसुद्धा दिसते. रंग उतरवले, सावल्या गडद केल्या, हालचालीतला गुळगुळीतपणा काढला, वर-खाली काळ्या पट्ट्या दिल्या. कॉम्प्युटरवर हे बदल पक्के करणारं रेंडर संपत आलं की लोडशेडिंग. पुन्हा पहिल्यापासून. भाऊ येतात, बघतात, मान हलवतात. "ताई, अजून लग्नाची कॅसेटच वाटून राह्यली." कळतंय मला! फिल्मवर बारीक रवाळ थरथर असते, ती हवी. सॉफ्टवेअरमधले दाणे टाकले तर रांगोळी सांडल्यासारखी दिसते.

११ मार्च
जमलं! जिनिंगच्या शेडमध्ये अजून रुईचे तंतू उडतात. काळं कापड टांगलं, दुपारच्या उन्हात ते उडणारे तंतू शूट केले आणि त्यांचा पातळ थर सिनेमावर चढवला. काळं नाहीसं होतं, पांढरे कण तेवढे थरथरत राहतात. काय दिसतंय! भाऊ खुर्चीतून उठलेच. "हे झालं पिक्चर!"

१३ मार्च
कपाशीतल्या शॉटमध्ये हिरोईनच्या मागं कुणी बघ्या उभा आहे. कमरेपर्यंत पांढऱ्यात. एवढा चांगला शॉट वाया! भाऊंवर चिडले. ते म्हणाले, तिथं कुणीच नव्हतं. मूळ टेप लावली. खरंच कुणी नाही. नुसते तंतू पाहिले. तिथंही नाही. दोन्ही एकत्र केले की उभा.

१४ मार्च
स्वयंपाकघरातल्या शॉटमध्येही तोच. आता छातीपर्यंत. तोंड उघडं, पांढऱ्यानं गच्च भरलेलं.
सुग्राबी चहा घेऊन आली, स्क्रीनकडे पाहिलं आणि कप हातातून सुटला. गोविंदा, म्हणाली, तिच्यासोबत इथंच कामाला होता. रुईचा ढीग अंगावर कोसळून मेला, याच शेडमध्ये. मालकानं मशीन बंदसुद्धा केली नव्हती. "आम्ही हातानं उकरलं बेटी. लय उशीर झालता." तो थर काढून टाक म्हणून माझ्या पाया पडायला लागली.

१५ मार्च
थर काढला. भाऊ भडकले, पुन्हा लग्नाची कॅसेट! मीही भडकले. एवढी मेहनत मातीत.
पण थर काढूनही तो आहे. आता मूळ टेपमध्येसुद्धा. हनुवटीपर्यंत. बघतो तो थेट माझ्याकडे.

१६ मार्च
राहवलं नाही. सिनेमाच्या एका चौकटीत, एका फ्रेममध्ये, त्याच्या तोंडातले कण पुसले. पुढच्या चौकटीत त्यानं श्वास घेतला. खरंच घेतला.
मला ठसका लागला. रुमालावर रुई.

१७ मार्च
पुसतेय. एकेक चौकट. हात थांबला की त्याचं तोंड परत भरतं. बघवत नाही. भाऊ म्हणतात, जाऊ द्या सिनेमा, ताई, तुम्ही घरी जा. कशी जाऊ? त्याला असं सोडून —
घास उतरत नाही. पाणीसुद्धा —

दुपारी
खांदे मोकळे झाले त्याचे. मग हात —
माझा श्वास अर्ध्यावर —

निघाला. पूर्ण बाहेर. श्वास घेतोय, रडतोय — सुग्राबीला हाक मारायची होती, आवाजच — खोलीत सगळं पांढरं, कमरेच्या वर — दार कुठं —
स्क्रीनवर तो मागं वळला. ढिगात दोन्ही हात घातले. उकरतोय. मला शोध—