चौदा बाटल्यांचं पाणी

डेहराडून, १२ डिसेंबर

सतीशदादा,

जयभीम. मी बरी आहे, थंडीची सवय झाली. मायचे गुडघे कसे आहेत?

तू किन्हीराजाहून पाठवलेल्या चौदा वेगवेगळ्या पावसांच्या चौदा बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत तपासल्या. पाण्याचे काही कण जड असतात, काही हलके, अन् दर पावसात त्यायचं प्रमाण बदलते. तुह्या चौदाही बाटल्यांत ते एकच निघालं. दिवाळीत मी आपल्या हापशीचं पाणी आणलं होतं, त्याच्याशी तंतोतंत जुळलं.

एकाच दिवशी हापशीवर बसून भरल्या ना, दादा? जमत नव्हतं तर सांगायचं होतं.

प्रयोगशाळेच्या मॅडमनं विचारलं, "पौर्णिमा, हे कसं झालं?" मी म्हटलं, "माह्याच हातून गडबड झाली." तुह्यं नाव घेतलं नाही. आता मले कोणी नमुने देत नाही, नुसत्या बाटल्या धुऊन राह्यली.

माय लोकायले सांगते, "माहा सतीश पावसात भिजून पाणी जमा करते." तिले मी काही बोलली नाही.

मॅडमजवळून अजून एक पावसाळा मागून घेतला. येत्या खेपेस बाटल्या माय भरीन. तू फक्त झाकणं घट्ट लावून देजो, तिच्या बोटांत जोर नाही.

तुह्यी बहीण,
पौर्णिमा