पोरीला पोहता येतं

माय,

मागच्या आठवड्यात मी दीवला समुद्रात नाव चालवून आले. नाव म्हणजे आपल्या तापीवरची नव्हे. हिला कयाक म्हणतात. प्लॅस्टिकची, लांबोडकी, दोघांपुरती, आणि आत बसलं की कंबर पाण्याच्या बरोबरीला. पुढे मी, मागे तुझी नात. बेत तिचाच होता: दिवस मावळताना किल्ल्याच्या भिंतीच्या कडेकडेनं वल्हवत जायचं, सोबतीला एक वाटाड्या. पन्नाशी उलटलेली बाई मी, गुडघे कुरकुरतात, तरी गेले. किनाऱ्यावर वाटाड्यानं सगळ्यांना जाकिटं चढवली आणि एकेकाला विचारलं, पोहता येतं का? बाकीचे नाही म्हणाले. आम्ही दोघी येतं म्हणालो. तुम्हाला कोणी शिकवलं, त्यानं मला विचारलं. आईनं, म्हटलं. मग तुमची आई पट्टीची पोहणारी असणार, असं तो हिंदीत म्हणाला आणि मी हो म्हणून टाकलं. त्या घाईत त्याला एवढं सगळं कुठे सांगत बसू?

मी सातवीत होते. शेतातल्या विहिरीवर मोटर बसली होती आणि मोटेचा जुना जाड दोर, तो नाडा, खळ्यातल्या झोपडीत पडून होता. त्या वर्षी शेजारच्या काकूंची थोरली मुलगी सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं तिकडचे म्हणाले. इकडचेही तेच म्हणाले, कारण दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती. तू मयतीला जाऊन आलीस, न्हालीस, आणि जेवली नाहीस. पुढच्या बाजारच्या दिवशी आबा शिरपूरला गेले, तशी तू दोन सुके भोपळे आणि तो नाडा घेऊन मला विहिरीवर नेलंस. भोपळे पाठीला बांधलेस, नाडा कमरेला, आणि नाड्याचं दुसरं टोक हाताला गुंडाळून खालच्या पायरीवर बसलीस. मी रडत म्हटलं, तुलाच येत नाही तर मला कशी शिकवशील? तू म्हणालीस, "माले येस नही, म्हनीसन तुले येवाले पाहिजे. मन्हाकडे देखू नको, पानीकडे देख."

आबांना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पोरीची जात, विहिरीत डुंबते, उद्या हिला कोण करील? तू भाकरी थापत होतीस, थापतच राहिलीस. पुढच्या बाजाराला पुन्हा नाडा काढलास. आधी एक भोपळा सुटला, मग दुसरा, आणि एका दुपारी तू हातातला नाडाही सैल सोडलास. त्या दुपारचं शेवटी सांगते.

मला ते शिक्षण कशासाठी होतं, हे कळायला माझ्या लग्नाची बोलणी यावी लागली. पाहुणे देवपूरचे. पोहे झाले, चहा झाला, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं विचारून झालं. तू कधी पाहुण्यांसमोर तोंड उघडलं नव्हतंस. त्या दिवशी दारातूनच म्हणालीस, "मनी पोरले पवता येस. बठ्ठासले म्हाईत राहू द्या." सगळ्यांना, म्हणे. आबांनी मान खाली घातली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासरे हसले, म्हणाले, वहिनी, आमच्याकडे नळ आहे, पोरीला पोहायची काय गरज? तू म्हणालीस, "नरडाणाकडे वावर शे ना तुमनं? वावरमा हीर व्हईच." विहिरीचं नाव निघताच सासऱ्यांचं हसू तिथंच थांबलं. सासूबाईंनी तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सोयरीक आता मोडली, असं आम्हाला वाटलं, पण आठवड्यात होकार आला.

माय, सासर भलं मिळालं. माझ्या अंगाला कोणी बोटही लावलं नाही. तुझ्या त्या वाक्यामुळे की ती माणसंच तशी होती म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि कोणाला विचारायचा धीरही झाला नाही. एवढं मात्र खरं, की तुझी नात जरा मोठी झाली तेव्हा सासूबाईच तिचं बोट धरून वावरातल्या विहिरीवर आल्या, बरोबर तिच्या पाठीला बांधायला एक रिकामा तेलाचा डबा होता. मला म्हणाल्या, "तुझ्या आईचा मला तेव्हा फार राग आला होता. आता हिला शिकव." तोवर तू गेलेली होतीस. तुला हे सांगायचं राहूनच गेलं.

तर तो समुद्र. किल्ल्याच्या भिंतीला लाटा लागत होत्या, भिंतीवर जुन्या तोफा दिसत होत्या. सूर्य शहराच्या मागे गेला आणि चर्चचं पांढरं टोक काही वेळ केशरी दिसत राहिलं. वाटाड्या म्हणाला, ज्यांना उतरायचंय त्यांनी पाण्यात उतरा. मी उतरले. खारं पाणी विहिरीपेक्षा चांगलं उचलतं, कष्टच नाहीत. तुझी नात वरून म्हणाली, आई, तुला भीती नाही का वाटत? मी उताणी पडून राहिले आणि मला ती दुपार आठवली.

तू नाडा सैल सोडलास आणि मी बुडू लागले. नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय विसरले. एकदा वर आले तेव्हा, तू सांगितलं होतंस ते न ऐकता, तुझ्याकडे पाहिलं. तू पदर कमरेला खोचून पायरीच्या अगदी कडेला उभी होतीस, नाडा हातातून सुटलेला, एक पाय पाण्यात. आता ही उडी मारणार आणि हिला येत नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी हात मारले, पाय मारले, आणि पायरीला लागले. तू पुढे जन्मभर सगळ्यांना सांगत आलीस, पोरीच्या अंगातच होतं, मी नुसता नाडा धरला.

तसं नव्हतं, माय. तू बुडशील म्हणून मी पोहले.