कॉम्प्युटरला चेहरा नसतो

३ मार्च, सकाळी ७
कालपासून डोकं भणभणतंय. अकादमीचे अध्यक्ष म्हणाले, बुद्धिबळ शिकवायला आता कॉम्प्युटर आलाय, मग मुख्य प्रशिक्षक हवाच कशाला? बावीस वर्षं घासली मी तिथे! ग्रँडमास्टर आहे म्हटलं, गंमत नाही. सगळ्यांसमोर बोलून बसलो, चार डाव खेळतो त्याच्याशी. एक जरी जिंकलो तर नोकरी माझी, नाहीतर एक तारखेपासून घरी. अध्यक्षांनी लगेच मान्य केलं. घाबरले असणार.
बायकोने विचारलं, चारात एकच का? म्हटलं, यंत्राची दया आली.
संकल्प : रोज चालणे. चहा बंद. पहिल्या खेळीपासून हल्ला.

५ मार्च, दुपार
हरलो. सव्वीस खेळ्या. कारण एसी. यंत्र तापू नये म्हणून लावलाय आणि गार वारा माझ्या मानेवर. मी उंट फुकट दिला ती कल्पना अफलातून होती, फक्त पुढे काही सुचलं नाही.
यंत्राच्या खेळ्या पटावर करायला समोर कोण, तर माझीच लेक! अकादमीचे कॉम्प्युटर तीच बघते. तिच्यासमोरच्या पडद्यावर पुढची खेळी दिसते, कोण किती वरचढ आहे तो आकडाही दिसतो. नियम असा की डाव चालू असताना तिने चकार शब्द काढायचा नाही. त्याची सवय आहे आम्हाला. बारा वर्षांची असताना तिने माझ्याशी खेळणं सोडलं, तेव्हापासून घरीही बेतानेच बोलतो.
चालायला गेलो नाही. मान आखडली होती.

८ मार्च, संध्याकाळ
हरलो. पण शोध लागला! कॉम्प्युटरला चेहरा नसतो, लेकीला आहे. आज तिने खालचा ओठ चावला आणि त्यानंतर तिसऱ्याच खेळीला माझा वजीर गेला. लहानपणी हरायला लागली की अशीच ओठ चावायची, मग डोळे भरायचे. म्हणजे तिने ओठ चावला की माझं काही खरं नाही. जन्मदात्या बापाला एवढं कळणारच.
आता पटाकडे कमी, तिच्याकडे जास्त बघायचं.
चहा एकच घेतला. मोठ्या कपातून.

११ मार्च, संध्याकाळ
बरोबरी!! हल्ला रंगात आला होता. हत्ती घुसवणार, एवढ्यात तिने ओठ चावला. तिथल्या तिथे हल्ला आवरला, मोहरी मागे घेतली, वाचलो. पद्धत अचूक आहे.
रात्री जेवताना लेक म्हणाली, बाबा, हत्ती का नाही पुढे घेतलात? म्हटलं, अनुभव. ती ताट उचलून गेली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की भाजी वाढून घ्यायचंही राहिलं.

१४ मार्च, सकाळी ६
शेवटचा डाव. झोप नाही. एक तारखेनंतर सकाळी उठून मी कुठे जाणार, हा विचार डोक्यातून जात नाही. मला दुसरं काही येत नाही, खरंच येत नाही. हे वाक्य खोडायचं आहे.

१४ मार्च, दुपार
डाव सोडला. स्वतःहून, सन्मानाने. उंट दिला, हत्ती दिला, त्याचा राजा उघडा पाडला. मग लेकीकडे पाहिलं. ओठ चावलेला, आणि यावेळी डोळेही भरलेले! समजलो. माझा बोऱ्या वाजल्याचा आकडा पडद्यावर आला असणार. मात होईपर्यंत पोरीला ते बघायला लावायचं? मी राजा आडवा केला. तिचा हात हवेतच राहिला.
अध्यक्षांनी हार घातला. आधीच आणून ठेवला होता.

१५ मार्च, संध्याकाळ
लेकीने कालच्या डावाचा कागद प्रिंटरवर काढून आणला. यंत्राचाच हिशोब. मी डाव सोडला तिथपासूनचा पट मांडला आणि माझा घोडा मागे घेतला. वजिराला वाट मोकळी. तिथून सातव्या खेळीला मात. यंत्राला.
जिंकलो होतो मी.
विचारलं, मग रडत का होतीस? ती म्हणाली, बाबा, तुम्ही जिंकत होता म्हणून. म्हटलं, आणि त्या दिवशी, हत्ती घुसवताना? तेव्हाही, म्हणाली.
या पोरीला माझ्यासाठी आनंद झाला की ती कशी दिसते, हे मला माहीतच नव्हतं. तेवीस वर्षांची झाली.
शेवटी म्हटलं, त्या एसीमुळे डोळ्यांत पाणी येत होतं, नीट दिसलं नाही.
ती हसली असावी. नक्की सांगता येत नाही.