उजेडाची काच

हेंद्रेपाडा, बदलापूर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय काशीताईस,
द्रौपदीचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुमची चामटोलीची लावणी आटोपली असेल. भावजींचा गुडघा कसा आहे? ओवी शाळेत जाते, घरी आली की मोबाईल.

फोन सोडून पत्र काय लिहितेय, म्हणून हसशील. फोनवर बोलताना हे बाजूलाच उभे असतात. म्हणून तुमच्या गावच्या सुनंदाच्या हाती देतेय. अंबरनाथच्या मासळीच्या फॅक्टरीत माझ्या टेबलावर आता ती बसते, मी सुट्टीवर आहे ना.

ते काम तुला कधी सांगितलंच नाही. खालून दिवा असलेल्या काचेवर माशाचा सोललेला तुकडा ठेवायचा. किडा असेल तर वेटोळं दिसतं, रक्ताचा डाग दिसतो, राहिलेला काटा दिसतो. कडेला असेल तर तेवढंच कापून टाकायचं. मधोमध असेल तर अख्खा तुकडा बाजूला.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो तसाच उजेडाच्या काचेवर लावला. मी पाहिला. मग ते ह्यांना म्हणाले, "आप जरा बाहर आओ." हे परत आले ते हसतच. "काय नाय गं, जुना कफ आहे. औषधाने सुटेल." ह्यांना जन्मात कधी खोटं बोलता आलं नाही. मी आपलं "बरं" म्हटलं.

परवा भर श्रावणात ह्यांनी पापलेट आणलं. श्रावणात अंड्यालाही न शिवणारा माणूस! स्वतः तळलं, ट्यूबलाइटखाली बसून काटे काढले आणि माझ्या ताटात वाढलं. "खा, ताकद येईल." घशाखाली उतरत नव्हतं, तरी मी सगळं खाल्लं.

आणि काल तुझा फोन. "द्रौपदे, मासे खा गं, श्रावणाचं काय घेऊन बसलीस!" तू? श्रावणात सुकटीचा डबा नुसता उघडला म्हणून माझ्या पाठीत धपाटा घालणारी तू? तेव्हाच कळलं, ह्यांनी तुला सांगितलंय.

मी रागावले नाही. मला काही माहीत नाही असंच ह्यांना वाटू दे, त्यांना तेवढ्यावर झोप लागते. पण दिवसभर हसून हसून माझे गाल दुखतात गं. मला मरायची फार भीती वाटते. हे कुणाजवळ तरी बोलायचं होतं.

डाग मधोमध होता, ताई.

तू ये. ओवी शाळेत आणि हे कामावर गेले की दार लावून माझ्याजवळ बस. धीर नको देऊस. सोबत रड, म्हणजे झालं.

तुझ्यापुरती तरी बरी नसलेली,
द्रौपदी